देव पाण्यात ठेवलेला बुधवार

घरात कुणी अत्यवस्थ असलं आणि वैद्याने हात टेकले, की आपल्याकडच्या जुन्या बायका देव पाण्यात ठेवत. माणूस उठून बसेपर्यंत देवांची सुटका नाही आणि त्या बाईच्या तोंडात अन्नाचा कण नाही. हे साकडं घराच्या उंबऱ्याआतलं असे. अख्खा देश असे देव पाण्यात ठेवून बसला तर कसं दिसेल? ७ ऑक्टोबर १८५७ च्या बुधवारी ते इंग्लंडमध्ये दिसलं. राणीच्या आज्ञेने दुकानं बंद राहिली, देवळं भरली, लोकांनी उपास धरला, पापांची कबुली दिली आणि लढाईत यश मागितलं. जगातल्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याने ज्या संकटासाठी त्या दिवशी देवाचे पाय धरले, ते संकट म्हणजे आपण होतो.

आपल्या शाळेतल्या इतिहासात सत्तावन्न साल मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी असं फिरतं आणि तात्या टोप्यांच्या फाशीपाशी थांबतं. समुद्रापलीकडचा हा उपास त्यात येत नाही. तो यायला हवा असं मला वाटतं, कारण एक राज्यकर्ता समाज आपलं काय चुकलं असा प्रश्न मोठ्याने आणि एकाच दिवशी विचारतो, असे प्रसंग इतिहासात थोडे. त्याला सापडलेली उत्तरं आपल्याला ठाऊक असली पाहिजेत.

१० मेला मेरठच्या पलटणी उठल्या. लंडनला ते कळायला जून संपत आला. हिंदुस्थानातून विलायतेपर्यंत तारेची सलग वाट तेव्हा नव्हती. मुंबईहून आगबोट सुएझला जाई, तिथून टपाल जमिनीवरून अलेक्झांड्रियाला, मग पुन्हा बोट, आणि युरोपातलं बंदर गाठल्यावर पुढे तार. उत्तर हिंदुस्थानातली हकिकत लंडनला पोचेपर्यंत महिना-दीड महिन्याची शिळी झालेली असे. त्यामुळे सबंध उन्हाळाभर लंडन मागच्या महिन्यातल्या हिंदुस्थानात जगत होतं.

त्यातली सर्वांत भयंकर बातमी कानपूरची. २७ जूनला सतीचौरा घाटावर, नावांत बसून निघालेल्या इंग्रजांवर गोळ्या चालल्या. वाचलेल्या बायका-मुलांना बिबीघरात कोंडण्यात आलं आणि १५ जुलैला त्यांतल्या सुमारे २०० जणांना कापून प्रेतं विहिरीत टाकण्यात आली. ही गोष्ट सांगताना आपल्या लेखकांची वाक्यं आखडतात. आखडू नयेत. ती मुलं कुणाचीही असली तरी मुलंच होती. मात्र विलायतेतल्या वर्तमानपत्रांत तिच्याबरोबर आणखी कितीतरी अत्याचारांच्या कहाण्या छापून येत होत्या आणि त्यांतल्या अनेकींना पुढच्या चौकशीत आधार सापडला नाही. बिबीघराच्या आधी, जून महिन्यात, कर्नल नीलच्या माणसांनी अलाहाबादेत आणि आसपासच्या गावांत झाडाझाडाला माणसं लटकवली होती. तिकडे ती हकिकत वाचणाऱ्यांना तिच्यात चीड येण्यासारखं काही दिसलं नाही.

लंडनचं रक्त तापलं होतं. ‘पंच’ साप्ताहिकाने २२ ऑगस्टच्या अंकात टेनियलचं व्यंगचित्र छापलं. त्यात ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेतो आहे आणि वाघाच्या पंजाखाली एक बाई आणि मूल आहे. चार्ल्स डिकन्स हा गरिबांचा कैवारी, अनाथ पोरांचा लेखक. उपासाच्या तीनच दिवस आधी, ४ ऑक्टोबरला, त्याने एका स्नेही बाईंना पत्र लिहिलं. आपण हिंदुस्थानात सरसेनापती असतो तर ही जातच पृथ्वीवरून नाहीशी करायला झटलो असतो, असा त्या पत्राचा आशय आहे. ऑलिव्हर ट्विस्टच्या दुःखाने ज्यांचे डोळे भरून आले, त्यांनी हे पत्रही वाचावं.

वेगळा सूर लावणारेही होते. विरोधी पक्षाचा डिझरायली ३० सप्टेंबरला न्यूपोर्ट पॅगनेल ह्या गावी शेतकऱ्यांच्या सभेत बोलला. क्रौर्याला क्रौर्याने उत्तर देऊ नका, सूड हा आपला देव करू नका, असं त्याने बजावलं. हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल कॅनिंगने ३१ जुलैला हुकूम काढून सरसकट फाशी देण्यावर आवर घातला होता, तर त्याची ‘दयाळू कॅनिंग’ अशी हेटाळणी सुरू झाली. दया हा शब्द शिवीसारखा वापरला जात होता आणि त्याच आठवड्यांत राष्ट्रीय प्रार्थनेची तयारी चालली होती.

राष्ट्रीय उपास इंग्लंडला नवा नव्हता. युद्ध, रोगराई, दुष्काळ आला की राजाच्या जाहीरनाम्याने एक दिवस उपासासाठी नेमायचा आणि त्यासाठी खास प्रार्थना छापून गावोगावच्या चर्चमध्ये पाठवायच्या, ही रीत शतकानुशतकांची. सतराव्या शतकातल्या यादवीत पार्लमेंटने दर महिन्याला उपासाचा दिवस लावून दिला होता. अमेरिकेतल्या वसाहती उठल्या तेव्हा उपास झाला, फ्रेंचांशी लढाई जुंपली तेव्हा वर्षानुवर्षं झाला. १८३२ मध्ये पटकीसाठी, १८४७ मध्ये आयर्लंडच्या दुष्काळासाठी, क्रायमियाच्या युद्धात १८५४ आणि १८५५ असा दोनदा. ह्यामागचा विचार आपल्यालाही परका नाही. पाप व्यक्तीचं असतं तसं राष्ट्राचंही असतं. व्यक्तीला परलोकात जाब देता येतो. राष्ट्राला परलोक नाही, म्हणून राष्ट्राला शिक्षा ह्याच लोकी मिळते. लढाईतली हार ही देवाने उगारलेली काठी. ती थोपवायची तर सगळ्यांनी मिळून प्रायश्चित्त घ्यायचं.

पण १८५७ पर्यंत ह्या रीतीखालची जमीन सरकू लागली होती. ज्याच्या सल्ल्याने हा उपास जाहीर झाला, त्या पंतप्रधान पामरस्टनचंच उदाहरण पाहा. चार वर्षांपूर्वी तो गृहमंत्री असताना एडिंबरोच्या धर्ममंडळाने पटकी टळावी म्हणून राष्ट्रीय उपास जाहीर करता येईल का, अशी विचारणा केली होती. त्याने उत्तर पाठवलं ते असं, की देवाने निसर्गाला नियम घालून दिले आहेत. आधी गरिबांच्या वस्त्यांतली घाण काढा, गटारं साफ करा, त्यावाचून प्रार्थना-उपास फळायचे नाहीत. माझ्या मते त्या काळातल्या मंत्र्याच्या टाकातून उतरलेलं हे सर्वांत शहाणपणाचं पत्र आहे. रोगाला कारण असतं हे पामरस्टनला कळत होतं. बंडालाही कारण असतं आणि तेही कुठेतरी साचलेल्या घाणीत असतं, एवढी पुढची पायरी मात्र तो चढला नाही.

राणी व्हिक्टोरियाला तर हे उपास मनापासून नापसंत होते. क्रायमियाच्या वेळी, १८५४ मध्ये, तिने पंतप्रधान लॉर्ड ॲबरडीनला स्पष्ट लिहिलं होतं, की रशियाच्या झारच्या हावेमुळे युद्ध पेटलं असताना ते आमच्या पापांमुळे पेटलं असं म्हणणं हे ढोंग होईल. १८५७ च्या सप्टेंबरात पामरस्टनने पुन्हा उपासाची गोष्ट काढली, तेव्हा तिने बालमोरलहून कळवलं की उपास आणि दीनता असे शब्द नकोत, आपल्या पीडित देशबांधवांसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणा. आणि तो रविवारी ठेवा, आडवारी ठेवला की भल्यापेक्षा बुरंच जास्त होतं. तिचं म्हणणं चाललं नाही. जाहीरनाम्यात उपास राहिला, दीनता राहिली आणि वार बुधवार राहिला. राणीच्या नावाने निघालेल्या ह्या आज्ञेला खुद्द राणीचाच आक्षेप होता.

कँटरबरीच्या आर्चबिशपच्या देखरेखीखाली प्रार्थना तयार झाल्या. पापांची क्षमा, सैन्याला यश, अडकलेल्या बायका-मुलांचं रक्षण, ही मागणी ओळखीची आहे. कुठलाही देश संकटात हेच मागेल. पण त्यात एक मागणी आपल्यासाठीही होती. ह्या ख्रिस्ती राष्ट्राच्या सत्तेमुळे हिंदुस्थानातल्या लोकांना जे लाभ झाले आहेत, त्यांची किंमत त्यांना कळावी, अशी बुद्धी देवाने त्यांना द्यावी. त्या बुधवारी इंग्लंडच्या खेड्याखेड्यांतल्या चर्चमध्ये, ज्यांनी उभ्या जन्मात एकही हिंदी माणूस पाहिला नव्हता अशा शेतकऱ्यांनी आणि विणकऱ्यांनी गुडघे टेकून आपल्या पणजोबांसाठी हे मागितलं. ते खोटेपणाने मागत नव्हते. पुष्कळांचे नातलग इकडे होते आणि जिवंत आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नव्हता.

त्या दिवसाची सर्वांत मोठी सभा चर्चमध्ये भरलीच नाही. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये उभारलेला काचेचा प्रचंड मंडप, क्रिस्टल पॅलेस, नंतर उकलून लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅमला नेऊन पुन्हा उभारला होता. तिथे चार्ल्स स्पर्जन ह्या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाला बोलावलं होतं. वय वर्षं २३. त्याच्या नावामागे लंडन वेडं झालं होतं, आणि त्याच्या उरावर एक जखमही होती. जेमतेम वर्षापूर्वी, १९ ऑक्टोबर १८५६ ला, सरे गार्डन्सच्या सभागृहात त्याचं प्रवचन चालू असताना कुणीतरी आग लागल्याची खोटी हाकाटी केली आणि चेंगराचेंगरीत ७ माणसं गेली. त्यातून तो महिनोन्महिने सावरला नव्हता. असा तो पोरसवदा माणूस आता त्याहून कितीतरी मोठ्या गर्दीपुढे उभा राहणार होता. दारावरच्या फिरत्या फाटकांनी मोजलेला आकडा आहे २३,६५४. ध्वनिक्षेपक नाही, काही नाही. एकट्या माणसाचा गळा आणि वर काचेचं छत.

त्याने घेतलेलं वचन मीखा ह्या संदेष्ट्याचं होतं. काठीचा आवाज ऐका आणि ती कुणी उगारली ते ओळखा, असा त्याचा भाव. मग त्याने पापं मोजायला घेतली. बंड करणाऱ्या शिपायांबद्दल तो म्हणाला की हे राष्ट्राने केलेलं बंड नव्हे. देशासाठी उठलेले लोक असते तर गोष्ट वेगळी होती, पण ह्यांनी आपखुशीने नोकरी पत्करली होती, शपथ घेतली होती. ती मोडणाऱ्यांना गुन्हेगाराची शिक्षा होणं रास्त आहे. पुढे सरकारचं पाप आलं. ते पाप कोणतं? हिंदूंचा धर्म सरकारने चालू दिला, हे. असा धर्म देवाला स्मरून सर्व शक्तीनिशी मोडून काढणं सरकारचं कर्तव्य होतं आणि ते त्याने केलं नाही, म्हणून ही काठी.

हे मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो. आमच्या समजुतीप्रमाणे, काडतुसांच्या चरबीने आपला धर्म बुडतो ह्या भयाने शिपाई उठले होते. आणि तिकडे काचेच्या मंडपात तेवीस हजार माणसांना सांगितलं जात होतं, की धर्म पुरेसा बुडवला नाही हाच आपला अपराध. शिपायांचं भय त्यांच्या कल्पनेतलं होतं असं इंग्रज इतिहासकार लिहीत आले. ते भय ज्याच्यावर उभं होतं तो विचार त्या दिवशी इंग्लंडच्या कितीतरी व्यासपीठांवरून उघड मांडला गेला. ईस्ट इंडिया कंपनीने देवस्थानांच्या कारभारात लक्ष घातलं, १८४० पर्यंत जगन्नाथपुरीच्या यात्रेकरूंकडून कर गोळा केला, मिशनऱ्यांना मोकळं रान दिलं नाही, ही सगळी मूर्तिपूजेला दिलेली साथ ठरली. अफूच्या व्यापारावर आणि पैशाच्या हावेवर बोट ठेवणारे धर्मोपदेशकही होते. पण मोठा आवाज पहिल्या मताचा होता.

स्पर्जनच्या सभेत पीडितांच्या मदतीसाठी वर्गणी जमली ती ५०० पौंडांच्या आसपास, शिवाय क्रिस्टल पॅलेसच्या कंपनीने २०० पौंड घातले. स्पर्जन घरी जाऊन झोपला तो त्या रात्रीपासून थेट शुक्रवारी सकाळपर्यंत. मधला अख्खा गुरुवार त्याला कळलाच नाही.

त्याच दिवशी लंडनच्या एका चर्चमध्ये आपल्या चांगल्या ओळखीचा एक माणूस बसला होता. थॉमस मेकॉले. आपल्या शिक्षणावर १८३५ मध्ये ज्याने टिपण लिहिलं तोच. आता उमराव झालेला, प्रकृतीने खचलेला. चर्चमध्ये जमलेल्या माणसांची गंभीर, कळकळीची मुद्रा पाहून तो भारावला आणि प्रवचन ऐकून संतापला. हा अडाणीपणा आहे, धर्मवेड आहे, अशा मूर्खांचं ऐकलं तर सारा हिंदुस्थान पेटेल, अशा अर्थाचं त्याने रोजनिशीत नोंदवलं. मेकॉलेबद्दल माझं मत काही चांगलं नाही. आपल्या सगळ्या विद्येला त्याने पुस्तकांच्या एका फळीच्या मापाने मोजलं, हे विसरता येत नाही. पण त्या बुधवारी, त्या बाकांवर, हिंदुस्थानात चार वर्षं काढलेल्या ह्या माणसाला जे दिसलं ते व्यासपीठावरच्या माणसाला दिसलं नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

लंडन दिल्लीसाठी प्रार्थना करत होतं तेव्हा दिल्ली पडून अडीच आठवडे झाले होते. १४ सप्टेंबरला काश्मिरी दरवाजा सुरुंगाने उडाला, २० तारखेपर्यंत शहर हाती आलं. २१ ला हुमायूनच्या कबरीपाशी बहादूरशहा पकडला गेला, २२ ला इंग्रज अधिकारी हॉडसनने शहजाद्यांना गोळ्या घातल्या. मग लूट आणि कत्तल. गल्लीबोळांत सापडेल तो पुरुष मारला गेला, उरलेलं शहर बाहेर हाकललं गेलं. वेढ्यात अडकलेल्या लखनौच्या रेसिडेन्सीत जनरल हॅवलॉकची फौज २५ सप्टेंबरला शिरली. सिडनहॅमला लोक डोळे मिटून जे मागत होते ते घडून गेलं होतं, आणि ज्या सूडाला डिझरायली आवरा म्हणत होता तोही घेऊन झाला होता. बातमी बोटीत होती. ती लंडनला पोचली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता, आणि प्रार्थना फळली असं अनेकांनी मानलं.

इकडेही देव पाण्यात होतेच. दिल्लीत बकरी ईद १ ऑगस्टला आली, तेव्हा बहादूरशहाने गोहत्येला बंदी केली, की हिंदू-मुसलमानांच्या एकीला तडा जाऊ नये. वेढ्यातल्या शहराने सण असा पाळला. मला त्यात सिडनहॅमच्या सभेइतकीच, किंबहुना जास्त, प्रार्थना दिसते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल ह्या आशेने त्याच साली उत्तरेला निघाले आणि फिरत फिरत झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ ज्यांनी वाचला असेल त्यांना ठाऊक आहे, की तोफांच्या गोळ्यांखालीही त्या शहरात स्नानसंध्या आणि पूजाअर्चा चालू होत्या. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली. दोन्हीकडच्या लोकांनी जीव तोडून देवाला हाक मारली होती. विजय कुणाची हाक पोचल्याचा पुरावा नसतो. पण जिंकलेल्याने तसं मानलं की हरलेल्याचं मरण आपोआप न्याय्य ठरतं, आणि तेच झालं.

आता पापाच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. लंडनला आपलं हिंदुस्थानातलं पाप कोणतं हे कळायला आकाशवाणीची गरज नव्हती. एक मराठी माणूस तेरा वर्षं त्याच शहरात राहून ते सांगत होता. रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कंपनीने १८३९ मध्ये गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी १८४० मध्ये विलायतेला गेले. कंपनीच्या कचेरीचे उंबरठे झिजवले, भागधारकांच्या सभांतून बोलले, पार्लमेंटच्या सभासदांना गाठलं, पुस्तिका छापल्या, कर्ज झालं. १८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले. १८४८ मध्ये त्यांचे बंधू शहाजी गेले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केला. त्याच्या राजवटीत दत्तक नाकारून गिळलेलं हे पहिलं राज्य. झाशी आणि नागपूर त्यानंतरचे. तरी रंगो बापूजी लंडन सोडेनात. १८५३ मध्ये ते हात हलवत परत आले. त्याच सुमारास पेशव्यांच्या ८ लाखांच्या तनख्यासाठी कानपूरजवळ राहणाऱ्या नानासाहेबांचे वकील अजीमुल्ला खान लंडनला पोचले आणि तेही तसेच परतले.

म्हणजे कानपूर आणि सातारा ह्या दोन्ही ठिकाणची गाऱ्हाणी, इंग्रजी भाषेत, इंग्रजी कायद्याला धरून, अर्ज-विनंत्यांच्या रूपाने लंडनच्या टेबलांवर येऊन पडली होती. ती देवाने पाठवलेली काठी नव्हती, माणसांनी हाती दिलेले कागद होते. ते वाचायला उपास लागत नव्हता. ह्या बुधवारच्या प्रार्थनेबद्दल माझी तक्रार एवढीच आणि ती मी सौम्य करणार नाही. ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे उभं न राहता त्याच्या माथ्यावरून देवाची क्षमा मागता येत नाही. हे ख्रिस्ती धर्मग्रंथालाही मान्य आहे. बायबलातल्या यशया संदेष्ट्याने उपास धरून मजुरांना पिळणाऱ्यांची कानउघाडणी केली आहे आणि बेड्या तोडणं हाच खरा उपास म्हटलं आहे. त्या दिवशी चर्चमध्ये बसलेल्या अनेकांना तो अध्याय ठाऊक होता.

लंडनच्या उपासानंतर आठ दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, मुंबईच्या एस्प्लनेडवर, आजच्या आझाद मैदानाच्या जागी, मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि १० व्या पलटणीतला शिपाई मंगल गडिया यांना तोफेच्या तोंडी बांधून उडवण्यात आलं. दिवाळी दोन-तीन दिवसांवर आली होती. दिवाळीत शहरात उठाव करण्याचा कट असल्याचं पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेटने भिंतीला पाडलेल्या भोकांतून ऐकलं होतं. साऱ्या मुंबईला दिसेल अशा ठिकाणी हे झालं, ते सारी मुंबई पाहील म्हणूनच.

शेवटी ज्या कागदावर राज्य उभं राहिलं तो धर्मोपदेशकांच्या इच्छेचा नव्हता. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरियाने स्वतः लक्ष घालून धर्माविषयीचा भाग लिहवून घेतला. आपला ख्रिस्ती श्रद्धेवर भरवसा आहे, पण ती प्रजेवर लादण्याचा हक्क आपल्याला नाही आणि इच्छाही नाही, असं तिने जाहीर केलं. संस्थानिकांना दिलेली वचनं पाळू, राज्य आणखी वाढवणार नाही, असंही त्यात होतं. रंगो बापूजी तेरा वर्षं जे मागत होते त्यातलं बरंचसं त्या कागदावर आलं, पण साताऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. रविवार १ मे १८५९ ला इंग्लंडने हिंदुस्थान शांत झाल्याबद्दल आभाराची प्रार्थना केली.

७ ऑक्टोबर १८५७ हा राजाज्ञेने पाळलेला ब्रिटनचा शेवटचा राष्ट्रीय उपास. पुढच्या महायुद्धांत प्रार्थनेचे दिवस झाले, ६ जानेवारी १९१८ चा झाला, डंकर्कच्या वेळचा २६ मे १९४० चा झाला. ते दोन्ही रविवारी होते आणि त्यांत उपासाची आज्ञा नव्हती. राणीचं म्हणणं तिच्यामागे मान्य झालं.

रंगो बापूजी जुलै १८५७ मध्ये जे नाहीसे झाले ते पुन्हा सापडले नाहीत. ८ सप्टेंबरला, लंडन उपासाला बसण्याच्या महिनाभर आधी, साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. साताऱ्याला जाणं झालं, अजिंक्यतारा पाहिला, कासचं पठार पाहिलं, तर परतताना थोडा वेळ गेंडामाळावर जाऊन उभे राहा.